रूपकाने मासा वाचत नाही

‘पर्यावरण आणि साहित्य’ या विषयावर चर्चासत्र असले की गुजरातच्या व्हेल शार्कची गोष्ट कुणीतरी सांगतेच. गेल्या काही वर्षांत आम्ही ती निरनिराळ्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा ऐकली आहे की वक्त्याने पाण्याचा पेला कुठे उचलायचा हेही आम्हांला आता पाठ झाले आहे. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. आमचे भांडण आहे ते तिच्या शेवटी चिकटवल्या जाणाऱ्या तात्पर्याशी.

ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, विशेषतः वेरावळच्या परिसरात, या प्रचंड आणि निरुपद्रवी माशाला मच्छीमार ‘बॅरल’ म्हणत. गळ अडकवल्यावर दोराला रिकामी पिंपे बांधून सोडायची, म्हणजे मासा बुडी मारू शकत नाही आणि थकतो, अशी शिकारीची रीत होती. त्या पिंपांवरून हे नाव पडले. त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून वापरत, मांस परदेशी जाई. मे २००१ मध्ये केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवले. २००४ साली संरक्षणाची मोहीम सुरू झाली आणि कथाकार मोरारी बापूंनी तिला एक रूपक दिले : हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, तिला कोण मारील? ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली, म्हणजे लाडकी. जे हात गळ टाकत होते तेच हात जाळी कापून माशाला वाट देऊ लागले. आजवर असे शेकडो मासे समुद्रात परत गेले आहेत.

इथे वक्ता थांबतो, श्रोत्यांकडे पाहतो आणि सांगतो की कायद्याला जे जमले नाही ते शब्दाने करून दाखवले. टाळ्या पडतात. मग चहा.

हे तात्पर्य आम्हांला का आवडते, हे उघड आहे. आपण सारे शब्दांवर पोट भरणारी माणसे. एका रूपकाने कित्येक टनांचा जीव वाचतो हे ऐकले की आपल्या धंद्याला प्रतिष्ठा मिळाल्यासारखे वाटते. पण जी गोष्ट ऐकून आपल्यालाच इतके बरे वाटते, तिच्याकडे समीक्षकाने जरा डोळे बारीक करून पाहावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

पाहिले तर काय दिसते? रूपक कायद्याला पर्याय म्हणून आले नाही, कायद्याच्या मागून तीन वर्षांनी आले. त्याच्या आधी माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट येऊन गेला होता आणि त्याने सरकारचे दार ठोठावले होते. म्हणजे तिथेही कलाकृतीने मच्छीमाराचे हृदयपरिवर्तन घडवले नव्हते, तिने राजपत्रात एक ओळ छापून आणली होती. २००२ साली धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात व्हेल शार्क गेला आणि निर्यातीच्या वाटेवर परवान्याचा नाका उभा राहिला. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे व्यासपीठावरून हमखास गाळले जाते : कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकारी तिजोरीतून मिळू लागली. जाळे ही स्वस्त वस्तू नव्हे. रात्री भर समुद्रात जाळ्यात एक अजस्र मासा अडकलेला असताना खलाशाच्या मनात कथामंडपातले वाक्य येत असेलही, पण त्याच्या शेजारीच जाळ्याच्या कर्जाचा हप्ताही उभा असतो. त्या हप्त्याची सोय झाली म्हणून वाक्याला जागा मिळाली. रूपक निरुपयोगी होते असे आम्ही म्हणत नाही. कायदा झाल्याची वार्ताही जिथे धड पोचली नव्हती तिथे रूपकाने ती पोचवली, आणि गुन्ह्याची भीती होती तिथे अभिमान आणला. मोठेच काम. पण ते दवंडीचे काम होते. दवंडी पिटणाऱ्यालाच राजा समजण्याची चूक आपण का करावी?

आता त्या रूपकाची परीक्षा आमच्याच किनाऱ्यावर करून पाहू. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. कोकणात आणि गोव्यात अशी लेक घरी आली की तिला काय खाऊ घालतात? मोरी! उत्तरेकडे जिला मुशी म्हणतात तीच. बाळंतिणीला दूध यावे म्हणून लहान मोरीचे कालवण करायची चाल घराघरांतून आहे आणि ती करणाऱ्या आईच्या मायेबद्दल शंका घेण्याची कुणाची टाप नाही. म्हणजे तिकडे मासा ही लेक, इकडे लेकीच्या ताटात तोच मासा. शार्कच्या कुळातलाच. मातृत्वाचे हे रूपक वेरावळात जाळे कापायला लावते आणि मालवणात सुरी हातात देते. रूपकाला भूगोल असतो, जात असते, स्वयंपाकघर असते. शाकाहारी श्रोतृवर्गासमोर जन्मलेली प्रतिमा मासेखाऊ किनाऱ्यावर उचलून आणली तर तिचे काय होईल, हा प्रश्न एकाही निबंधात आम्हांला भेटलेला नाही.

(जाता जाता : व्हेल शार्क गुजरातच्या किनाऱ्याला बाळंतपणासाठीच येतो हे सिद्ध झालेले नाही. जगभर किनाऱ्यांजवळ जमणाऱ्या व्हेल शार्कमध्ये कोवळ्या नरांचा भरणा अधिक आढळतो. माहेरी आलेली लेक पुष्कळदा मुलगाच असण्याचा संभव आहे. रूपकाला याने बाधा येत नाही, हे आम्हांला मान्य आहे. नियमाला मात्र येते, कारण मासे कुठे विणीला जातात यावर कुठले पाणी कधी बंद ठेवायचे हे ठरते.)

मोरीच्या टोपलीत आणखी एक गुंता आहे. आमच्या किनाऱ्यावर जी लहान मुशी मुबलक मिळते, ती बहुतांशी चपट्या फावड्यासारख्या तोंडाची एक छोटी जात. ती लवकर वयात येते, एका वेळी बरीच पिले देते आणि त्यांना वारेतून पोसते, जवळजवळ सस्तन प्राण्यासारखी. तिला बऱ्यापैकी मासेमारी सोसते. पण त्याच टोपलीत तेवढ्याच लांबीचे कानमुशीचे पिलूही असू शकते. हातोड्याच्या डोक्याची ही मुशी फार सावकाश वाढते, आणि तिच्या एका जातीला आज जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत गणतात. दोन्ही ‘मुशी’च, दोन्हींचे कालवण सारखेच लागते. यांच्यात फरक करायचा तर ‘लेक’ हा शब्द काय कामाचा? इथे लागते यादी. कोरडी, अलंकारहीन, लांबी-रुंदीची आणि जातिनामांची यादी.

आणि यादी हीसुद्धा संहिता असते, ती वाचावी लागते, हे आमचे खरे म्हणणे आहे. आपण कवितेतल्या स्वल्पविरामावर तीस पाने लिहितो आणि ज्या मजकुराने माणूस तुरुंगात जातो त्याकडे ढुंकून पाहत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या होती ती उभयचर, पक्षी, सस्तन आणि सरपटणारे, अशी. मासा त्या व्याख्येत नव्हता! तो आला २००२ च्या दुरुस्तीने. तीस वर्षे मासा या देशात कायद्याच्या भाषेत धड प्राणीही नव्हता, पीक होता. मराठी साहित्यात समुद्र जसा बहुतेक वेळा पार्श्वभूमी म्हणून येतो, तसाच तो कायद्यातही कोठार म्हणून आला. या दोन वाचनांत नाते आहे की नाही, हा प्रबंधाचा विषय नाही काय?

पुढे वाचा. जुलै २००१ मध्ये सरकारने एका अधिसूचनेने शार्क, पाकट, करवतमासे या साऱ्या कूर्चामीनांना सरसकट पहिल्या अनुसूचीत टाकले. मोरी विकणारी कोळीण एका रात्रीत वाघाच्या शिकाऱ्याइतकी गुन्हेगार झाली. आरडाओरड झाली आणि ती रास्त होती. डिसेंबरमध्ये सरकारने माघार घेतली, यादी दहा जातींवर आली. पाच महिन्यांत ‘सर्व’पासून ‘दहा’पर्यंत! दोन्ही टोके न वाचता लिहिलेल्या मजकुराची. या दहांमध्ये मोठ्या गिटारमाशाचे जे लॅटिन नाव घातले, त्या नावाची जात आफ्रिकेकडच्या पश्चिम हिंदी महासागरात असते असे आज मानले जाते. आमच्या पाण्यातले गिटारमासे तिचे भाऊबंद, पण वेगळ्या नावांचे. म्हणजे वीसेक वर्षे आम्ही एका गैरहजर माशाला अभय दिले होते आणि हजर असलेला बाजारात विकला जात होता. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, याद्या वाढवल्या आणि ‘साइटीस’च्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आणली. पाठभेदाची चिकित्सा करणाऱ्यांनी या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांसाठी जी शिस्त लागते, तीच इथेही लागते.

‘शिकार’ हा शब्दही असाच. कायद्यात त्याच्या व्याख्येत मारणे आले, जखमी करणे आले, पकडणे आणि सापळा लावणे आले, तसा प्रयत्न करणेही आले. पण जाळे निवडून पकडत नाही. कोळंबीसाठी ओढलेल्या जाळ्यात करवतमासा आला तर ती शिकार की अपघात? पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा आहे तीन ते सात वर्षे कैदेची. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यात १९८२ साली दुरुस्ती करून ‘अनुषंगाने होणाऱ्या हानी’साठी परवान्याची सोय केली : काम करा, पण हानी किती होईल ते आधी सांगा, ती कमी कशी कराल ते लिहून द्या, मग परवाना. या परवान्यांचा गैरवापरही होतो, यात आम्हांला शंका नाही. पण निदान अपघाताला नाव आहे, आणि नाव असले की नोंद होते. आमच्या कायद्यात संशोधन, शिक्षण अशा कामांसाठी परवाने आहेत. जाळ्यातल्या अपघातासाठी असा खण नाही. घाबरलेला तांडेल नोंद करत नाही, मेलेला मासा पाण्यात ढकलतो आणि गप्प बसतो. महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित प्राणी जाळे कापून सोडल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना कांदळवन कक्षामार्फत आहे, ती या खणाची उसनी जागा भरते. ती वाढवायला हवी, तिचे पैसे वेळेवर द्यायला हवेत. अशा मागणीवर कविता होत नाही, हे खरे.

आणखी एक समज मोडून काढायला हवा. आमच्या पर्यावरणवादी समीक्षेत कायदा म्हणजे शहरी, वसाहतवादी, वरून लादलेला. कोळी म्हणजे निसर्गाशी एकरूप, ज्याला नियमाची गरज नाही, अशी जोडी ठरून गेली आहे. वस्तुस्थिती काय आहे? नियम हवा असे सर्वांत मोठ्याने ओरडते ते पारंपरिक मच्छीमारच. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा; पर्ससीन जाळ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली ती फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने; प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने बंदी घातली नोव्हेंबर २०१७ मध्ये. प्रत्येक वेळी छोट्या होडीवाल्यांनी मोर्चे काढले ते नियम नको म्हणून नव्हे, नियम पाळला जात नाही म्हणून. त्यांना सरकार जास्त झालेले नाही, कमी पडले आहे. त्यांच्या तोंडी आपला आवडता अराजकवाद घालणे ही त्यांची बाजू घेणे नव्हे.

सरकारलाही रूपकांचा मोह सुटलेला नाही, हे सांगितले पाहिजे. २०२३ साली पापलेटला ‘राज्य मासा’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबीची मर्यादा ठरली, तिच्यापेक्षा लहान मासा पकडू-विकू नये म्हणून. किताबाच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. लांबीचे कोष्टक किती जणांनी वाचले?

आम्ही वाचायचे ठरवले. पावसाळी बंदी संपल्यावर अनुसूचीची छापील प्रत घेऊन आम्ही एका बंदरावर गेलो. पानांवर लॅटिन आणि इंग्रजी. समोर टोपलीत मुशी. एका मावशींना विचारले, यातली कानमुशी कोणती. त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की पदव्युत्तर वर्गात असा प्रश्न कुणी आम्हांला विचारला असता तर आम्हीही तसेच पाहिले असते. ‘‘डोकं बघ ना बाबा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आनि डोकं कापलेलं असंल तर मग मला इचार.’’ मग त्यांनी एकेक उचलून नाव सांगितले. यादीतल्या कोणत्या नावाशी कोणते जुळते ते आम्हांला कळेना. पानाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर आम्ही उतरवून घेऊ लागलो. सात नावे झाली, तेवढ्यात गिऱ्हाईक आले.