बाटलीची मागची बाजू
परवा मावशीच्या बदाम तेलाची बाटली उलटी केली. पुढे टपोरे बदाम. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत पहिलं नाव ‘मिनरल ऑइल’, म्हणजे पेट्रोलियमपासून काढून शुद्ध केलेलं तेल. ते विषारी नाही, केसांना चकाकीही आणतं; पण पैसे आपण बदामाचे मोजतो, याचा मला राग येतो. घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमाने. मावशीच्या बाटलीवर बदाम सुगंधाच्याही मागे होता. शाम्पूत मात्र पहिलं नाव सहसा पाण्याचंच असतं, त्यात खोट नाही. पुढच्या वेळी तेल घेताना पहिली तीन नावं वाचाच. अक्षरं दिसली नाहीत तर मोबाइलवर फोटो काढून मोठी करा.