गल्फचे तेल आणि आपल्या मुलांचा भूगोल

"अल्लाहने अरबांना तेल दिले, आपल्याला नुसता समुद्र दिला." आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात हे वाक्य चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठेही ऐकू येते. देणारा तोच, याबद्दल माझे दुमत नाही. पण जमिनीत ठेवलेले शोधायला इल्म लागतो, आणि नेमका तोच भाग आपण बोलण्यातून गाळतो. सौदीत १९३८ साली दम्मामच्या ७ नंबरच्या विहिरीने तेल दिले, त्याआधीच्या विहिरींनी शोधणाऱ्यांना निराशच केले होते.

शिवाय तेल आपल्या समुद्रातही आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबई हायचे तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. एवढे मुलांना पाठ असते. पण ते तेल तयार कुठे झाले, असे विचारा. बहुतेक जण समुद्राखाली तेलाचा तलाव असल्याचे सांगतील. मोठी माणसेही तेच सांगतात.

मुंबई हायचे बरेचसे तेल चुनखडीच्या खडकातून निघते. ती चुनखडी म्हणजे गोदाम. कारखाना वेगळा आहे आणि बराच खाली आहे: पन्ना नावाच्या थरातला काळपट शेल. शेल म्हणजे दाबून दगड झालेला चिखल. पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी या चिखलात झाडापाल्याचे आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष गाडले गेले, वर थर चढत गेले, खाली उष्णता वाढली आणि त्यातून तेल व वायू सुटून वर सरकले. अरबांच्या तेलाचीही कुळकथा अशीच आहे. तिथला चिखल चुन्याचा होता, ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाचा. त्या थरांची नावे तुवैक आणि हनीफा. आपल्या उर्दूच्या मुलांना ही नावे परकी वाटणार नाहीत.

आता दगड काळा दिसला म्हणून तेल देईलच असे नाही. पारख तीन प्रश्नांची असते. माल किती? दगडात सेंद्रिय कार्बन अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर सहसा नाद सोडतात. १ टक्क्याच्या वर चांगला, २ च्या वर फार चांगला. माल कसला? शेवाळासारख्या जीवांपासून तेल जास्त येते, जमिनीवरच्या झाडांपासून मुख्यतः वायू. आणि तो शिजला किती? साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान तेल बनते. कच्चा राहिला तर काही सुटत नाही, फार शिजला तर वायूच उरतो. बिर्याणीच्या दमासारखेच, फक्त इथे दम लाखो वर्षांचा.

प्रयोगशाळेत चिमूटभर भुकटी हवेशिवाय तापवतात. आधी दगडात तयार असलेले तेल बाहेर पडते, मग आणखी उष्णता दिल्यावर जे बनू शकले असते ते. हे दुसरे उत्पादन सर्वाधिक कोणत्या तापमानाला निघते, यावरून दगड किती शिजलाय ते कळते. ४३५ अंशांच्या आसपासचा आकडा आला की तज्ज्ञ सावरून बसतात. यात फसवणूकही होते. ड्रिलिंगच्या चिखलात तेल मिसळलेले असेल तर तेच नमुन्याला चिकटते आणि दगड आहे त्याहून श्रीमंत दिसतो.

हे सगळे सांगण्याचे कारण म्हणजे आमच्याकडे अधूनमधून उठणारी आवई. कुणाच्या तरी विहिरीवर रंगीत तवंग दिसतो आणि जमिनीचे भाव बोलले जाऊ लागतात. काठीने तवंग हलवून पाहावा. काचेसारखे तुकडे पडून वेगळे राहिले तर बहुधा ते लोहाच्या जीवाणूंचे काम असते. तेल असेल तर फिरून पुन्हा एकत्र येते. आणि एकत्र आले तरी आधी शेजारचा डिझेलचा पंप बघावा. आपल्या पायाखाली लाव्ह्याचा बेसाल्ट आहे. वितळलेल्या दगडात पालापाचोळा टिकत नाही, त्यामुळे बेसाल्ट स्वतः तेल बनवत नाही. या तवंगावर विसंबून कुणी कर्ज काढू नये किंवा बयाणा देऊ नये.

माझी खरी खंत वेगळी आहे. आपली मुले फिटर, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून गल्फला जातात. त्यांच्या कष्टावर इथली घरे उभी आहेत, ते काम मी कमी लेखत नाही. पण त्याच कंपन्यांत दगड पाहून 'इथे खोदा, तिथे नको' सांगणाराही बसलेला असतो, आणि तो रस्ता आपल्या घरांत कुणी दाखवत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये भूगर्भशास्त्र शिकवतात. पुढे आयआयटी मुंबईतही त्याचे एमएससी आहे. बारावी सायन्सचा निकाल लागला की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, आणि तेही नाही झाले तर पासपोर्ट, एवढेच पर्याय आपण मुलासमोर ठेवतो. मुलींना तर पासपोर्टचाही नाही.

मी भाषेचा मास्तर. तरी नववी-दहावीच्या मुलांसमोर एकदा हे दगड ठेवायचे ठरवले आहे. बेसाल्ट शाळेच्या मागेच मिळेल. काळा शेल मात्र इथे नाही. चंद्रपूरकडे कोळशाबरोबर तो निघतो. तिकडचे कुणी वाचक असतील आणि मूठभर तुकडा पाठवू शकत असतील तर जरूर कळवा.