चौकटीचा रंग कोरडा खरवडू नका

दिवाळी जवळ आली की बीडमध्ये भाड्याच्या खोल्यांची रंगरंगोटी निघते. बहुतेक वेळा ती भाडेकरूच उरकतो. सुट्टीच्या दिवशी पॉलिश पेपर आणतो, दारं-खिडक्या घासतो आणि धूळ घरभर उडते. त्याआधी माझं एवढं ऐका.

ओळखीच्या एका घरी मी गेले होते. दोन खोल्या, लाकडी खिडकी, तिला जुना हिरवा ऑइलपेंट. दोन वर्षांची पोर चौकटीला धरून उभी होती. नखानं पोपडा उचकटायची आणि तोंडात टाकायची. आई म्हणाली, "माती बी खाती बघा ताई, किती रागावलं तरी ऐकंना."

जुन्या ऑइलपेंटात शिसं असतं, लाल, पिवळ्या, हिरव्यात तर जास्तच. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. चौकट त्याआधी रंगवलेली असेल तर शिसं आहे असंच धरून चाला. वरून नवा हात मारला तरी खालचा थर तिथंच असतो.

शिसं पोटात गेलं म्हणून मूल रडत नाही, ताप येत नाही. मेंदूची वाढ मात्र खुंटते, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलाच्या अंगात ते मोठ्यांच्या चार-पाच पट मुरतं, अंगात लोह कमी असेल तर आणखी. माती खाणाऱ्या लेकरांत बऱ्याचदा रक्त कमी असतं, म्हणून त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातल्या शिशाची तपासणीही विचारा.

रंग काढायचाच तर पाणी मारून, ओला ठेवून घासा. लेकरं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसरीकडे असू द्या. झाडू नको, ओल्या फडक्यानं पुसा. आणि रंगवलेल्या जुन्या फळ्या बंबात घालू नका, त्या धुरातून शिसं छातीत जातं.

रंगाशिवाय आणखी दोन गोष्टी. भाड्याची खोली बघायला जाल तेव्हा न्हाणीघरही बघा. बिनखिडकीच्या न्हाणीत गॅस गीझर असेल तर तो बाहेर बसवून घेतल्याशिवाय वापरू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस आंघोळ करतानाच कोसळतो. बोअरचं पाणी पीत असाल तर फ्लोराईड तपासून घ्या. उकळून ते जात नाही.

दुरुस्ती तोंडी मागू नका, लिहून द्या. करारात वेगळं ठरलं नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. मालक मंडळींनाही हात जोडून सांगते, नवं बिऱ्हाड येण्याआधी ती चौकट नीट करून द्या.