अर्ध्या कोयत्याला किमान वेतन कधी?

चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी देशभर लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला किमान वेतनाचा हक्क मिळाल्याचे जाहीर झाले. तेव्हा बीड, जालना, परभणीतून निघालेल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांत उतरलेल्या होत्या. हा हक्क त्या फडापर्यंत पोहोचण्याची कोणतीही तजवीक आम्हाला दिसत नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून, बहुधा नवऱ्याच्या हाती; हिशेब टनावर, मुकादमाच्या वहीत. बाई पहाटे कोपीत भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि गाडी लागली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. एवढे करून तिच्या नावावर मजुरी म्हणून रुपयाही लिहिला जात नाही. आजारपणात किंवा पाळीत एक दिवस बसली की मात्र खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो आणि तो उचलीवर चढतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया 2019 मध्ये गाजल्या, समिती नेमली गेली. त्या शस्त्रक्रियांमागे या खाड्याची धास्तीही होती, हे विसरता येणार नाही.

आता हिशेब पाहू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले तर माणशी 366 रुपये. पण तो दिवस बारा तासांचा असतो, कधी त्याहून मोठा. आठ तासांवरचे काम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने मोजले, तर आठ तासांची मूळ मजुरी 183 रुपयांवर येते. चौदा तास धरले तर 146. केंद्राने 2017 मध्ये ठरवलेली किमान वेतनाची राष्ट्रीय पातळी दिवसाला 176 रुपये होती आणि केंद्रानेच नेमलेल्या सत्पथी समितीने 2019 मध्येच ती 375 करायला सांगितले होते. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड प्रकल्पांच्या खटल्यात बजावले. साखरपट्ट्यात ते लागू झालेले आम्हाला दिसत नाही.

नव्या वेतन संहितेत चांगलेही आहे. थकलेल्या किमान वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वी सहाच महिने मिळत. ठेकेदाराने पैसे बुडवले तर मूळ आस्थापनेने ते द्यायचे आहेत. पण दावा करायला कागद लागतो. साखर कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी नुसती टोळी पुरवतो. त्यात शेतीसाठी पाचपेक्षा जास्त माणसे न ठेवणाऱ्या मालकाला नोंदवही आणि वेतनचिठ्ठीतून संहितेनेच सूट दिली आहे. शेतातल्या तोडणीसाठी ही पळवाट उद्या वापरली जाणार, याची आम्हाला भीती वाटते. शिवाय निरीक्षक आता मालकाचा मार्गदर्शकही झाला आहे. पहिल्या चुकीला खटल्याआधी सुधारण्याची संधी द्यायची आहे. फडात पाऊलही न टाकणारा निरीक्षक कोणती चूक पकडणार?

कारखान्याला माहिती नाही, ही सबब टिकणारी नाही. कोणती गाडी कोणत्या गटातून कोणत्या टोळीने भरली, हे त्याच्या दप्तरात असते. काट्याची पावती त्याचीच असते. तेव्हा गाळप परवान्याला अट घालावी: प्रत्येक तोडणी कामगाराची यादी, बाईचे नाव आणि बँक खाते वेगळे, आणि दोघांना वेगवेगळी वेतनचिठ्ठी. खाडा बंद व्हावा. मजुरीतून एकूण कपात निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही, हा संहितेचा नियम उचलीच्या वसुलीलाही लावावा. अनेक कारखान्यांचे कर्तेधर्ते विधिमंडळात बसतात, त्यामुळे ही अट घालणे अवघड जाईल. म्हणूनच साखर आयुक्तालय आणि कामगार खात्याने ती लेखी घालावी, आणि पुढच्या हंगामाची उचल वाटली जाण्याआधी घालावी.