बहिरी सभागृहे

दिवाळी जवळ आली की आमच्या शेजारचे एक सद्गृहस्थ मला न चुकता म्हणतात, “तुमचं बरं आहे हो अण्णा! फटाक्यांचा त्रास नाही.” गेली बारा वर्षे हा विनोद मी हसून साजरा करीत आलो. यंदा करणार नाही. अधू कानाला हलके आवाज ऐकू येत नाहीत हे खरे. पण मोठा आवाज त्याला तुमच्याइतकाच, क्वचित अधिकच बोचतो. आमच्या वाट्याला शांतता येत नाही. येतो तो अर्थावाचूनचा गोंगाट.

उतारवयात कान जातात ते बहुधा वरच्या पट्टीकडून. स्वर राहतात, स, त, ख अशी हलकी व्यंजने विरून जातात. ताट, पाट, खाट: माझ्या कानी तिन्हींतला ‘आ’ तेवढा पोचतो, आणि सूनबाई जेवायला बोलावते आहे की निजायला सांगते आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. यावर लोकांचा उपाय एकच. ते ओरडतात. ओरडल्याने ‘आ’ मोठा होतो, ‘त’ काही उमगत नाही. वर शेजाऱ्यांना वाटते, या घरात भांडण लागले.

“मग मशीन घाला की!” हे दुसरे हुकमी उत्तर. मशीन मी घालतो. ते नसते तर नातवाशी बोलणे केव्हाच सुटले असते. तेव्हा कृतघ्न होणार नाही. पण त्याला चष्म्याची उपमा देणारे निखालस चुकतात. चष्मा लावला की बहुतेकांना दूरची पाटीही स्वच्छ दिसते. कानाच्या मशीनचा खरा पराक्रम समोरासमोरच्या बोलण्यापुरता. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलांनी उतरतो. बंद सभागृहात त्यात भिंतींवरून परतणारा घुमारा मिसळतो. पंधराव्या रांगेत माझ्या मशीनला नायक लांबचा आणि शेजाऱ्याची वेफर्सची पुडी जवळची. ती पुडी मी अथपासून इतिपर्यंत ऐकली आहे. नाटक ऐकलेले नाही. लोक हसले की क्षणभराने मी हसतो. उसने हसू ते. पूर्वी मध्यंतरात आमची ही मला कथानक सांगे. ती गेल्यापासून मध्यंतरातच उठून घरी येतो.

यावर उपायच नसता तर प्राक्तन म्हणून गप्प बसलो असतो. पण उपाय आहे, आणि तो माझ्याहून वयाने मोठा आहे. १९३७ साली जोसेफ पोलियाकॉफ यांनी ब्रिटनमध्ये त्याचे पेटंट घेतले. सभागृहातील आसनांभोवती एक तार फिरवावयाची, मायक्रोफोनचा आवाज एका वर्धकातून तिच्यात सोडावयाचा. तारेभोवती जे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते ते कानाच्या मशीनमधील एक चिमुकले वेटोळे, टेलिकॉइल, टिपते आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. ना घुमारा, ना वेफर्स; वक्ता जणू कानाशी बोलतो. ब्रिटनमध्ये चर्चमध्ये, नाट्यगृहांत, तिकिटाच्या खिडक्यांवरसुद्धा ‘कान आणि टी’ अशी खुणेची पाटी दिसते.

मी आमच्याकडच्या एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना ही सोय आहे का, असे विचारले. ते प्रेमाने म्हणाले, “काका, आपले स्पीकर नवे कोरे आहेत. आवाज वाढवू का?” म्हणजे पुन्हा ओरडणेच, फक्त विजेवर! मग त्यांनी अभिमानाने दाराशी बांधलेला रॅम्प दाखविला. चाकाच्या खुर्चीला तो हवाच. पण मला आत येता येते हो. आत येऊन करू काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने श्रवणदोषाची दखल घेतली आहे, सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात असे सांगितले आहे. आम्ही मात्र ‘सुगम’चा अर्थ ‘पायऱ्या नसलेले’ एवढाच लावून मोकळे झालो.

“चार बहिऱ्यांसाठी एवढा खर्च?” असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीड अब्जाहून अधिक माणसांना कमीअधिक श्रवणदोष आहे. एवढे लांब कशाला, कोणत्याही व्याख्यानमालेच्या पहिल्या पाच रांगांकडे वळून पाहा. काळे केस मोजायला हाताची बोटे पुरतील. रांगेत उभे राहून तिकिटे काढून ज्यांनी ही सभागृहे जगविली, त्यांनाच ती ऐकेनाशी झाली आहेत. कोणी म्हणेल, तारेचे दिवस गेले. २०२२ साली ऑराकास्ट नावाचे बिनतारी तंत्र आले. आनंद आहे! पण तेही सभागृहानेच बसवावे लागते. माझ्या कानात ते आपोआप उगवणार नाही.

दोष आमचाही आहे. कानात न दिसणारे मशीन आम्ही हौसेने घेतो. त्या बारक्या मशीनमध्ये टेलिकॉइल बहुधा बसतच नाही. विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. बहिरेपण लपावे म्हणून ऐकण्यावर पाणी सोडले! मीही हेच केले होते. “मला ऐकू आले नाही, पुन्हा सांगा,” हे साधे वाक्य उच्चारण्याची आम्हांला लाज, आणि मान डोलावण्याची मात्र नाही.

यंदा मी मोठे, ‘टी’ असलेले, कानामागे चांगले ठळक दिसणारे मशीन घेतले आहे. आता तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येक खिडकीवर विचारणार आहे, “तारेची सोय आहे का?” नाही म्हणाले, तर पुन्हा विचारीन, अधिक मोठ्याने. बहिऱ्याला मोठ्याने बोलण्याची सवय असतेच; तिचा कधी नव्हे तो उपयोग होईल.