जीवशास्त्रास रसायनाचा पाया हवा

शेतकऱ्यांचीं मुलें हल्लीं मोठ्या संख्येनें कॉलेजांत जाऊं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पहिल्या वर्षास जीवशास्त्र घेणाऱ्या पुष्कळ मुलांची समजूत अशी दिसते कीं, हा विषय म्हणजे नांवें पाठ करण्याचा. रसायन पास होण्यापुरतें घोकलें म्हणजे झालें. पालकही त्यांस तसेंच सांगतात. माझ्या मतें ही समजूत घातक आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझें आयुष्य मुलकी दप्तरांत गेलें. पण घरींच जें पाहिलें, त्यावरून चार शब्द लिहिण्याचें धाडस करितों.

आमच्या चुनखडीच्या रानांत उन्हाळी भुईमूग पिवळा पडला. पहिल्या वर्षांत शिकणारा पुतण्या शिमग्यास घरीं आला होता. पानाच्या भागांचीं नांवें त्यानें धडाधड सांगितलीं. पण पिकास काय झालें, हें त्यास सांगतां येईना. आम्हीं नत्र कमी पडलें असें समजून युरिया टाकिला. पैसे गेले आणि पिवळेपणा राहिला.

वास्तविक उत्तर पानांवरच होतें. नत्र झाडांत सहज हलतें. तें कमी पडलें कीं झाड जुन्या पानांतील नत्र काढून कोंवळ्या पानांस देतें. म्हणून आधीं खालचीं पानें पिवळीं पडतात. लोह तसें हलत नाहीं. म्हणून त्याच्या उणिवेंत शेंड्याचीं पानें पिवळीं पडतात व त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. आमच्या पिकाचें नेमकें हेंच झालें होतें. जमिनींत लोह नव्हतें असें नाहीं. चुनखडीच्या अल्कधर्मी जमिनींत तें न विरघळणाऱ्या रूपांत अडकून पडतें. जमिनीचा सामू ७ चा ८ झाला, तर तो फरक केवळ एकाचा नसतो. हायड्रोजनच्या आयनांचें प्रमाण दहाव्या हिश्श्यावर येतें. पुढें एका जाणत्या गृहस्थाच्या सल्ल्यानें हिराकस व थोडें लिंबसत्व पाण्यांत विरघळवून फवारलें, तेव्हां पानें हिरवीं झालीं. लक्षण जीवशास्त्रानें दाखविलें, पण कारण रसायनावांचून कळलें नसतें.

युरियाचेंही तसेंच. ४५ किलोच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें २०.७ किलो नत्र असतें. मातींतील युरिएज नांवाचें विकर युरियापासून अमोनिया तयार करितें. खत उघड्यावर पडलें तर, विशेषतः अल्कधर्मी जमिनींत, त्यांतील बराच भाग हवेंत उडून जातो. मातीआड केलें तर तो वांचतो.

रसायन अपुरें असलें तर उत्तम निरीक्षकही कसा फसतो, याचा दाखला इतिहासांत आहे. व्हॅन हेल्माँट ह्या विद्वानानें २०० पौंड वाळविलेल्या मातींत ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लाविलें व ५ वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. झाड सुमारें १६९ पौंडांचें झालें. माती मात्र सुमारें २ औंसच घटली. तेव्हां झाड निव्वळ पाण्याचें बनलें, असा निर्णय त्यानें दिला; तो १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. वजनें काळजीपूर्वक घेतलेलीं होतीं, निर्णय चुकला; कारण झाड हवेंतून कर्ब घेतें हें त्यास ठाऊक नव्हतें. सूर्यप्रकाशाचें कार्य इंगेनहूझनें १७७९ सालीं दाखविलें, आणि हवेंतील कर्ब व पाणी हीं दोन्हीं झाडाच्या अंगीं लागतात, हें द सोस्यूरनें १८०४ सालीं मोजमापानें सिद्ध केलें.

म्हणून शेतकरी बंधूंस माझें सांगणें इतकेंच कीं, मुलगा कॉलेजांत जातांना अणु, रेणु व आयन, आम्ल व अल्क, द्रावण आणि विकर ह्या गोष्टी त्यास समजल्या आहेत कीं नाहींत, हें पाहावें. सुटींत त्याच्या हातीं आपल्या माती-परीक्षणाचा कागद द्यावा आणि त्यांतील प्रत्येक आंकड्याचा अर्थ विचारावा. सातबाऱ्याचा उतारा वाचतां न आल्यामुळें फसलेले खातेदार मीं नोकरींत पुष्कळ पाहिले. हा दुसरा कागद वाचतां न आल्यामुळें आपलें पीक जाऊं नये.