सरांचा फोटो कुठाय?

मंडळी, परवा रांध्यात आपल्या मुलांना खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. छान! पण त्यांना तिथं पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, ते कुणीच बोललं नाही. घडवणारा नेहमी गाळायचा, ही आपली जुनी खोड.

गावी आमच्या हायस्कुलातले कुस्तीचे सर जन्मभर पहाटे पाचला आखाडा खणायला उभे. नापास पोरांचं दूधही त्यांच्याच पगारातून. शाळेच्या भिंतीवर पैलवानांचे फोटो लागले, सरांचा नाही. निवृत्तीला शाल-नारळ देऊन मोकळे झालो. तेव्हा टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होतो. येत्या गणपतीत सत्कार पदकवाल्यांचाच करणार असाल, तर माझी वर्गणी धरू नका.